फोन एक, लेकरं तीस: वर्गात डिजिटल गोष्ट पहिल्यांदा करताना

लोकवर्गणीतून शाळेला टीव्ही येतो. पहिल्या आठवड्यात त्यावर कवितांच्या चाली लागतात, दुसऱ्या आठवड्यात यूट्यूबवरची ससा-कासवाची गोष्ट, आणि दिवाळीनंतर त्यावर फडकं पडतं ते पडतंच. आमच्याकडं असंच झालं होतं. फडकं निघालं ते सहावीच्या लेकरांनी स्वतः केलेली गोष्ट लावायची होती तेव्हा. दोन मिनिटं दहा सेकंदांची गोष्ट. एका जागी आवाज फाटत होता, एक फोटो उलटा आला होता. तरी वर्गानं ती लागोपाठ चार वेळा लावायला लावली.

मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवतो. संगणकाचा जाणकार वगैरे नाही. जे काही येतं ते चुकत चुकत आलंय. यंदा पहिल्यांदाच हे करून बघायचं म्हणणारे शिक्षक असतील, त्यांच्यासाठी हे लिहितोय. जवळ एक बऱ्यापैकी अँड्रॉइड फोन आहे, टीव्ही किंवा प्रोजेक्टर आहे, लॅपटॉप असला तर असला, आणि वीज अधूनमधून जाते, एवढं धरून चालू.

आधी डिजिटल गोष्ट कशाला म्हणायचं ते. १९९०च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियात जो लॅम्बर्ट आणि डेना अ‍ॅचली यांनी साध्या माणसांना घेऊन कार्यशाळा सुरू केल्या. ज्याची गोष्ट त्यानंच ती आपल्या आवाजात सांगायची, घरातले फोटो जोडायचे, दोन-तीन मिनिटांत संपवायची. आजही मुळात हीच रीत आहे. सांगणाऱ्याचा स्वतःचा आवाज हा तिचा कणा. आपल्या ग्रुपांवर संध्याकाळी पाचला जे येतं (फिरत्या फुलांच्या चौकटीत पंचवीस फोटो, मागं बासरी, वर सरांचं नाव लेकरांच्या नावापेक्षा मोठं) ते वेगळं प्रकरण आहे. तो अहवाल. करावा लागतो, मीही करतो. त्याला गोष्ट म्हणू नये.

विषय: छोटा आणि घरातला

पहिल्या वेळी मी फळ्यावर लिहिलं, "पाणी वाचवा". पाच गटांतून एकच गोष्ट आली: पाणी हे जीवन आहे, थेंब थेंब वाचवा, धन्यवाद. दोष माझाच होता. घोषणा दिली की घोषणाच परत येते.

दुसऱ्या वेळी विचारलं, "तुमच्या घरी २०१६च्या उन्हाळ्याबद्दल कोण काय बोलतं?" ह्या लेकरांना तो उन्हाळा आठवणं शक्य नाही. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या गाडीत दहा डबे आणि पाच लाख लिटर, हे त्यांना माहीत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी एक मुलगी सांगत आली की तिची आई तेव्हा लातूरला राहायची आणि घागरी ओळखू याव्यात म्हणून त्यांच्या गळ्याला वेगवेगळ्या रंगाच्या चिंध्या बांधायची. आईची चिंधी पिवळी. ही झाली गोष्ट. पाणी वाचवा असं त्यात कुठंच म्हटलेलं नाही, म्हणायची गरजही नाही.

आपल्या भागात असे विषय पायलीला पन्नास मिळतील. येळवस घ्या. लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्ष अमावास्येला अख्खं गाव शेतात असतं, कडब्याची कोप, भज्जी, अंबील, हे लेकरांना तोंडपाठ असतं. तेरकडचे असाल तर गोरोबाकाकांच्या गावची मडकी आणि उत्खननात निघालेली खापरं आहेत. पैठणला माग आहेत, एकनाथांची भारुडं आहेत. जालन्यात मोसंबीची बाग, हिंगोलीत हळदीची काहील. बीडकडं ऊसतोडीला निघायच्या आदल्या रात्रीची बांधाबांध. पण लेकराला "येळवस" एवढंच सांगू नका. त्याला विचारा, त्या दिवशी तुझ्या हातात काय होतं? वाट चालताना कोण मागं राहिलं? काय सांडलं? माझा एक विद्यार्थी "आम्ही शेतात गेलो, खूप मज्जा आली" याच्या पुढं सरकेना. हातात काय होतं विचारल्यावर म्हणाला, "अंबिलीचं मडकं. बांधावर पाय घसरला पण मडकं नाही पडू दिलं. मीच पडलो." वर्ग हसला. तिथून त्याची गोष्ट सुरू झाली.

इथं एक सांभाळायचं. आमच्या तालुक्यात किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमाराला, गणपती बोळवून लोक झोपलेले असताना भूकंप झाला, आणि आजही घरोघरी त्याबद्दल सांगणारी माणसं आहेत. लेकरं हा विषय हमखास आणतात. आणू द्या, पण आजी-आजोबांना आदल्या दिवशी तुम्ही स्वतः जाऊन विचारा. बोलता बोलता ते थांबले तर रेकॉर्डिंग बंद करायचं, हे लेकरांना आधी शिकवा. आणि रडणाऱ्या माणसाचा फोटो काढायचा नाही. हे मी वर्गात नियम म्हणून फळ्यावर लिहितो.

कागद

फोन अजून कपाटातच राहू द्या. निदान दोन दिवस.

गोष्ट आधी वहीत लिहायची, दोनशे ते सव्वादोनशे शब्द. सावकाश वाचलं तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात, म्हणजे दोन मिनिटांचा ऐवज झाला. मग घड्याळ लावून मोठ्यानं वाचायचं. वाचताना जीभ जिथं अडखळते ते वाक्य पुस्तकातलं असतं, लेकराचं नसतं. ते बदलायला सांगा. "आम्ही प्रस्थान केले" असं एकीनं लिहिलं होतं. घरी काय म्हणतेस? "निघालाव." मग तेच लिही. प्रमाणभाषेची काळजी करणारे सहकारी इथं नाक मुरडतील. निबंध प्रमाणभाषेतच लिहून घ्या, त्याबद्दल वाद नाही. पण तोंडानं सांगायची गोष्ट घरच्या बोलीत आली तरच तिला चव राहते.

आता पाठकोरा ए-फोर कागद घ्या आणि तीनदा घडी घाला. उलगडला की आठ घरं दिसतात. प्रत्येक घरात वर चित्र, खाली दोन ओळी: काय दिसतं, काय ऐकू येतं. हाच आपला आराखडा. चित्र काडीमाणसांचं असलं तरी चालतं. पोरांनी अजिंठ्याची सहल केली असेल तर तिथल्या भिंतींची आठवण करून द्या: जातककथांच्या चित्रात एकच माणूस एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसतो, आधी इथं, मग तिथं, आणि बघणारा आपोआप पुढं सरकतो. घरं पाडलेली नाहीत एवढाच फरक.

तीस लेकरं असतील तर पाच-पाचचे सहा गट. एक सांगणारा, एक आवाज धरणारा, एक फोटोवाला, एक आराखडा सांभाळणारा, आणि एक "गप्प करणारा". शेवटचं काम विनोदी वाटेल, पण ते सगळ्यात जड आहे. रेकॉर्डिंगच्या वेळी बाहेरच्या लेकरांना, शेळीला आणि शाळेत डोकावणाऱ्या काकांना शांत ठेवायचं असतं. कामं दर खेपेला फिरवा, आणि एक नजर ठेवा: आपण काही बोललो नाही तर फोन पोरांच्या हातात जातो आणि "तुझं अक्षर चांगलंय" म्हणून पोरींच्या हातात कागद येतो. पहिल्या खेपेला मी कामं उलटी वाटली. कुरबुर झाली, ती दोन दिवसांत मिटली.

आवाज

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. फोटो धूसर असला तर बघणारा चालवून घेतो. आवाज कळेना झाला की तो उठून जातो.

आपल्या वर्गखोल्या आवाजासाठी वाईट. चार सपाट भिंती, वर पत्रा, खाली फरशी. बोललेलं घुमतं. इलाज घरातलाच आहे: दोन-तीन वाकळा आणायला सांगा. एक भिंतीला टांगायची, एक टेबलावर अंथरायची, आणि सांगणाऱ्या लेकराचं तोंड वाकळेकडं करायचं. आम्ही कधी कधी पोषण आहाराच्या धान्याच्या खोलीत रेकॉर्ड करतो. तांदळाच्या पोत्यांनी आवाज असा मऊ होतो की शहरातल्या स्टुडिओवाल्यानं विचारावं, कुठं केलंत. पंखा बंद करायचा. पाऊस असेल तर त्या दिवशी पत्र्याखाली प्रयत्नच करू नका.

फोन विमान मोडवर टाका. हे मी दोनदा विसरलो. दुसऱ्यांदा तर गोष्टीचं शेवटचं वाक्य चालू असताना कर्ज देणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा फोन आला, आणि ती पोरगी पुन्हा तसं बोलू शकली नाही.

फोनचा माइक बहुतेक खालच्या कडेला असतो, बारीक भोक दिसतं. ते तोंडापासून एक वीत अंतरावर, थोडं बाजूला धरायचं. अगदी समोर धरलं की "प", "फ", "भ" ला फुंकर बसते. फोन हातात धरू नये, बोटं घासल्याचा आवाज येतो. पुस्तकांच्या चळतीवर ठेवावा. पहिल्यांदा दहा सेकंद काहीच न बोलता रेकॉर्ड करा. का ते पुढं सांगतो. मग सांगणारा वहीकडं न बघता सांगतो. अडखळला तर थांबायचं नाही, दोन सेकंद गप्प राहून तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. चुकलेलं नंतर कापता येतं. दर वाक्याला बंद-चालू, बंद-चालू केलं की प्रत्येक तुकड्याचा सूर वेगळा लागतो.

पहिला तुकडा झाला की सगळी पोरं-पोरी एकच विचारतात, "सर, आवाज यायलाय का?" हेडफोन लावून त्यांनाच ऐकू द्या. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकताना काही जण लाजून कानातलं काढून टाकतात. एकदोघं म्हणतात, हा माझा नाहीच. घाई करू नका. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तेच लेकरू सांगतं, "इथं मी लई घाई केली, परत करतो." मराठीच्या तासाला मी वर्षभर "विरामचिन्हांकडे लक्ष द्या" म्हणत असतो, ते हेडफोन पाच मिनिटांत शिकवतो.

गोष्टीतले सुटे आवाजही गोळा करा: जात्याची घरघर, हापशाचा दांडा, बैलाच्या गळ्यातली घुंगरं, एसटीचं दार. प्रत्येकी पंधरा-वीस सेकंद. कुणाची पणजी अजून जात्यावरच्या ओव्या म्हणत असेल तर बाकी सगळं सोडून आधी ते.

फोटो आणि चित्रं

फोन आडवा. लेन्स सदऱ्याच्या टोकानं पुसून. सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर. झालं.

एक मात्र सांगतो. गोष्टीत चेहरे लागतातच असं नाही. पिवळ्या चिंधीच्या गोष्टीत एकही चेहरा नव्हता. घागर, हात, रिकामा नळ, आणि लेकरांनी खडूनं काढलेली रेल्वे. लेकरांची चित्रं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला माल. चित्र खिडकीखाली जमिनीवर ठेवायचं, फोन बरोबर वरून धरायचा, स्वतःची सावली पडत नाही ना बघायचं. दोन मिनिटांच्या गोष्टीला वीस-बावीस चित्रं पुरतात, एक पाच-सहा सेकंद टिकतं.

नेटवरून फोटो उचलायची सवय पहिल्या दिवसापासून मोडा. फारच लागला तर विकिमीडिया कॉमन्स या मोकळ्या परवान्याच्या फोटोंच्या संकेतस्थळावर बघा आणि काढणाऱ्याचं नाव शेवटी द्या. चित्रकथा कशी बांधतात ते दाखवायला प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट आहेत. ती मोकळ्या परवान्यावर असल्यानं नाव देऊन वापरता, बदलताही येतात. सिनेमाची गाणी मागं लावू नका, यूट्यूबवर टाकलंत की हक्काची नोटीस येते. तसंही लेकराच्या आवाजावर गाणं चढलं की लेकरू दिसेनासं होतं.

जोडणी

फोनवर करायचं तर मी व्हीएन नावाचं व्हिडिओ जोडायचं अ‍ॅप वापरतो. फुकट आहे आणि व्हिडिओवर आपला शिक्का मारत नाही. काइनमास्टरच्या फुकट आवृत्तीत शिक्का येतो. लॅपटॉप असेल तर आवाजाला ऑडेसिटी आणि व्हिडिओला ओपनशॉट, दोन्ही मोफत आणि इंटरनेटशिवाय चालणारी. नवख्यांची पहिली ठेच ऑडेसिटीतच लागते: फोनमधली एम-फोर-ए फाइल ते विंडोजवर सरळ उघडत नाही, एफएफएमपेग नावाची जोड वेगळी टाकावी लागते. त्यापेक्षा रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये फाइलचा प्रकार डब्ल्यूएव्ही निवडता येत असेल तर तेच करा.

क्रम हा: आधी पूर्ण आवाज अ‍ॅपातल्या पट्टीवर (टाइमलाइनवर) टाका, चुका कापा, ऐका. मग त्याच्याखाली चित्रं बसवा. चित्रं आधी लावून आवाज त्यात कोंबायला गेलात तर रात्र जाते. सुरुवातीच्या त्या दहा शांत सेकंदांचा उपयोग आता. ऑडेसिटीत तेवढाच भाग निवडून नॉइज रिडक्शन या मागचा आवाज कमी करणाऱ्या सोयीला दाखवायचा, म्हणजे खोलीची घरघर कोणती ते त्याला कळतं. मग पूर्ण आवाजावर ते लावायचं. हलक्या हातानं. जास्त झालं की लेकरू डब्यातून बोलल्यासारखं वाटतं. चित्र बदलताना ते पान उलटणं, गरगर फिरणं, तुकडे होऊन उडणं, सगळं बंद. सरळ एका चित्रावरून दुसरं.

नावाच्या पाट्यांचा वैताग सगळ्यांना होतो. काही अ‍ॅपांत देवनागरी जोडाक्षरं फुटतात, "ज्ञानेश्वरी"चं काहीतरी भलतंच होतं, आणि कार्यालयातले जुने फाँट फोनवर चालत नाहीत. आमचा तोडगा असा: पाटीवर खडूनं नाव लिहायचं आणि पाटीचा फोटो काढायचा. अक्षर लेकराचंच राहतं.

जोडणी तुम्ही करू नका. हे म्हणणं सोपं, पाळणं कठीण. त्यांचे अंगठे चुकत असतात आणि आपला हात शिवशिवत असतो. मी खिशात हात घालून उभा राहतो.

दाखवताना

व्हिडिओचा दर्जा ७२०पी पुरे, फाइल एमपी-फोर. पेनड्राइव्ह टीव्हीला आदल्या दिवशी लावून बघा. आवाज येतो आणि पडदा काळा राहतो असं झालं तर टीव्ही बिघडलेला नसतो. जुन्या टीव्हीला एचईव्हीसी प्रकारचा व्हिडिओ कळत नाही. जोडणीच्या अ‍ॅपमधून फाइल एच-२६४ प्रकारात पुन्हा काढा. वीज गेली तर काय, याचंही ठरवून ठेवा. आमच्याकडं एका पालक सभेत ऐन वेळी वीज गेली, तेव्हा फोन स्टीलच्या पातेल्यात ठेवून नुसता आवाज ऐकवला. बायका पुढं सरकून बसल्या. तेव्हापासून पहिली गोष्ट फक्त आवाजाचीच करायची, असं मी नव्या शिक्षकांना सांगतो. टीव्ही नसलेल्या शाळांनाही हा रस्ता मोकळा आहे.

गावाबाहेर, म्हणजे यूट्यूबवर, फेसबुकवर, मोठ्या ग्रुपवर, काही टाकायचं असेल तर पालकांची लेखी संमती घ्या. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक लेकरू बालक धरलंय आणि पालकांच्या संमतीवर भर आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, घरातल्या अडचणी सांगणारी गोष्ट तालुकाभर फिरली की त्या लेकराला बाजारात चिडवतात. आमच्या बहुतेक गोष्टी शाळेच्या पेनड्राइव्हबाहेर गेलेल्याच नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, दर्जा टिकतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली लेकरं दिवाळीनंतर वर्गातून गळतात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही कोयत्याबरोबर निघून जातात. त्यांचं नाव गटातून काढू नका. आमच्या एका गटात "आवाज" हे काम फडावरच्या मुलीकडं होतं. ती आईच्या फोनवरून पहाटे ऊस भरतानाचे आवाज पाठवायची, मोळी पडल्याचा, ट्रॅक्टरचा, कुणी कुणाला हाक मारल्याचा. इकडं बाकीचे चौघं त्याला चित्रं काढायचे.

राहता राहिलं जपून ठेवणं. प्रत्येक गोष्टीचं वेगळं फोल्डर, नावात वर्ष, इयत्ता आणि गट. कच्चं रेकॉर्डिंगसुद्धा त्यातच, आणि सगळं दोन जागी, एक शाळेत आणि एक घरी. हे मी उशिरा शिकलो. एका आजींनी भूकंपाच्या रात्रीचं बावीस मिनिटं सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात कापू म्हणून मी ते फोनमध्येच ठेवलं, मधेच फोन बंद पडला, दुरुस्तीवाल्यानं सगळं पुसून सुरू करून दिला. नातवाला घेऊन पुन्हा त्यांच्या घरी गेलो. आजींनी चहा केला, फोन पुस्तकांच्या चळतीवर ठेवला गेला, दहा सेकंद सगळे गप्प बसलो. मग त्या म्हणाल्या, "मागं सांगितलं की समदं." आणि बाहेर शेळीला पाला टाकायला उठल्या. आमच्याकडं ते एवढंच आहे, अर्ध्या मिनिटाचं, मागं शेळीच्या आवाजासकट.